कवळीवाल्याचे कान

पहिल्यांदा त्याला वाटलं, आवाज रेकॉर्डिंगमधलाच आहे.

गाणारी बाई एक ओळ संपवून थांबली होती. मागे व्हायोलिन एकच स्वर धरून होतं, आणि त्या मोकळ्या जागेत डाव्या बाजूने कुणी म्हातारा माणूस म्हणाला, "आज परत टोचली रे."

त्याने डोळे उघडले नाहीत. भारी हेडफोनात असं होतं, हे त्याने वाचलं होतं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये कुणी खोकलेलं असतं, कुणाची खुर्ची करकरलेली असते, ते सगळं तळातून वर येतं. इतकी वर्षं हे गाणं ऐकतोय आणि हा म्हातारा आपल्याला कधी भेटलाच नाही, या विचाराने त्याला उलट बरं वाटलं. मग म्हातारा म्हणाला, "खालची. डावीकडे, आतल्या अंगाला. तुझ्या आईची अक्कलदाढ दुखायची ना, नेमकी तीच जागा. गंमत बघ."

आवाज नानांचा होता, त्याच्या वडिलांचा, आणि नाना त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते.

तो कवळ्या बनवतो. गल्लीत त्याला कवळीवाले म्हणतात, आणि पत्त्यावरही तेवढं लिहिलं तरी पत्र पोचतं. त्याचं काम एका मोठ्या इमारतीच्या तळघरात चालतं. वरच्या मजल्यांवर दातांचे डॉक्टर बसतात. ते माणसाच्या हिरड्यांचं माप घेतात आणि खाली पाठवतात. खाली तोंडं येतात, माणसं येत नाहीत. प्लास्टरच्या साच्यात उतरलेली ती तोंडं फळीवर ओळीने ठेवलेली असतात. त्यावर तो मेणाच्या हिरड्या बसवतो, दात लावतो, मेण वितळवून त्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरतो, मग घासतो, परत घासतो, चकाकी आणतो. घासायच्या मशीनचा बारीक, टोकदार आवाज दिवसभर डोक्यात सुई फिरवावी तसा फिरत असतो.

या धंद्याने त्याला एक खोड लावली. समोर कुणी हसलं, की तो हसण्याकडे न बघता हिरड्यांकडे बघतो. लग्नाआधीच्या पहिल्या भेटीत त्याने बायकोला तीन-चारदा हसवलं होतं. माणूस विनोदी दिसतोय, असं तिला वाटलं. पुढे बरेच दिवस ती त्या विनोदांची वाट बघत होती.

संध्याकाळी घरी आल्यावर त्या सुईवर त्याच्याकडे एकच उतारा होता. पुढच्या खोलीतली खुर्ची, आणि दोन वाट्या उपड्या घातल्यासारखा जाड गाद्यांचा जुना हेडफोन. तो कानांवर बसला की घर मिटायचं. कुकर वाजो, दार वाजो, त्याला पत्ता नसायचा. "दुकान बंद झालं," असं बायको म्हणायची. काही हवं असेल तर त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारायची, अशी घरातली रीत पडली होती. टिचकी नाही, तोवर तो खोलीत असून नसल्यासारखा.

अलीकडे त्या जुन्या हेडफोनात त्याचा जीव रमेना. जेवणाच्या सुट्टीत, हाताला प्लास्टर तसंच असताना, तो फोनवर मोठ्या हेडफोनांची वर्णनं वाचत बसायचा. अमक्यात गाणारीचा श्वास ऐकू येतो. तमक्यात वाद्यं खोलीत कुठे कुठे बसली आहेत ते कळतं. घ्यावा की न घ्यावा यावर त्याने घरात इतकं दळण दळलं, की शेवटी बायको म्हणाली, त्यापेक्षा कानच बदलून मिळतात का ते एकदा विचारून या. नाना हसले होते. तोंडावर हात ठेवून हसले होते. तेव्हा त्या हाताचं त्याला काही वाटलं नव्हतं.

दुकान एका जिन्याखाली होतं. आत गालिचा, मऊ खुर्ची आणि एक हळू बोलणारा दाढीवाला. तुमचं रोजचं गाणं कुठलं, ते लावू, असं दाढीवाल्याने विचारलं. त्याने तेच गाणं सांगितलं. ओळ सुरू व्हायच्या आधी बाईने श्वास घेतला, आणि तो खुर्चीत ताठ बसला. ती बाई इतकी वर्षं श्वास न घेता गात होती की काय? त्याचे डोळे भरून आले. दाढीवाल्याने सवयीने दुसरीकडे पाहिलं.

काही दिवस घरी नेऊन बघा, मग ठरवा, असं दाढीवाला म्हणाला. वस्तू डब्यात घालताना त्याने एवढंच बजावलं, की याची पाठ उघडी आहे, नुसती जाळी. गाणं थोडं बाहेर सांडतं, घरच्यांना चालेल ना? घरची माणसं चांगली आहेत, असं कवळीवाला म्हणाला. ज्या जाळीतून बाहेर जाता येतं त्याच जाळीतून आतही येता येतं, ही गोष्ट दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. दोघांचंही लक्ष गाण्यात होतं. जुना हेडफोन त्याने कपाटात टाकला. घरात कुणाला फरक कळला नाही. बाहेरून बघणाऱ्याला काय, कानाला लावलेलं ते कानाला लावलेलं.

आणि आता नाना बोलत होते.

ते त्याच्याकडे वळून बोलत होते, हे आवाजाच्या दिशेवरून कळत होतं. बोलण्यात कुठे घाई नव्हती. रोज त्याच वेळी त्याच माणसाशी बोलणाऱ्याचा तो आवाज होता.

नाना पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर नोकरीला होते. लहानपणी त्यांनी सांगितलेली एक गोष्ट त्याला तेवढ्यात आठवली. तिथे पंप चालू असले की हातभर अंतरावरच्या माणसाचंही ऐकू यायचं नाही. म्हणून ज्याच्या मनात काही अडलेलं असेल तो जाऊन कोपऱ्यातल्या पंपाजवळ उभा राहायचा, त्याच्या गरम अंगावर हात ठेवायचा आणि बोलून घ्यायचा. कुणाची बायको निघून गेली होती, कुणाच्या छातीत दुखत होतं. बाकीचे तिकडे पाठ करून उभे राहायचे. बोलून झालं की माणूस हात पुसत परत कामाला लागायचा. ही गोष्ट ऐकून तो तेव्हा खूप हसला होता.

"तुझ्या ताईकडे जायचं मी पक्कं केलंय," नाना म्हणाले. "तुला सांगेन, थोडे दिवस जाऊन येतो. तू म्हणशील, बरं. मग मी काही यायचा नाही. तुझ्याही ते लक्षात येईल हळूहळू."

गाणारी बाई पुढच्या ओळीत शिरली. त्याला ती ऐकू येत होती आणि नानाही ऐकू येत होते, आणि दोघांपैकी कुणालाच थांबवता येत नव्हतं.

"इथे कुणी वाईट वागत नाही रे. तसं काही नाही. पण जेवायला बसलं की तू माझ्या तोंडाकडे बघतोस. माझ्याकडे नाही बघत. माल कसा चाललाय ते बघतोस. मग मी आपला बरी बाजू धरून चावल्यासारखं करतो. घास उतरेपर्यंत जीव नकोसा होतो."

खुर्चीच्या हातावर त्याचं बोट गाण्याबरोबर ठेका धरत होतं. त्याने ते थांबू दिलं नाही. अंगात तेवढं एक बोटच शहाणं उरलं होतं.

मग बायको आली. इस्त्रीच्या कपड्यांचा वास तिच्याआधी आला. त्याच्या डोक्यावरून तिने नानांना विचारलं, की स्वेटर दोन्ही ठेवू की एकच. नाना म्हणाले, सगळंच ठेव. ती थोडा वेळ उभी राहिली.

"यांना केव्हा सांगणार आहात?"

"रोजच सांगतोय की," नाना म्हणाले.

आणि ती दोघं हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं, टिंगलही नव्हती. खूप दिवस एका गोष्टीची सवय झालेली माणसं हसतात तशी ती हसली. भिंतीपलीकडे आपल्याविषयी कुणी वाईट बोलत असेल, अशी शंका माणसाला अधूनमधून येतेच. इथे भिंतच तो होता. लोक तिला टेकून बसत होते.

दुसऱ्या दिवशी तळघरात त्याने एका कवळीचे वरचे पुढचे दोन दात उलटे बसवले. शेजारच्या कारागिराने ते दाखवलं आणि विचारलं, की गिऱ्हाइकाने काही गुन्हा केलाय का. त्याने दात काढून सुलटे बसवले. आपण ऐकलं हे नानांना सांगावं, तर चोरून ऐकल्याची लाज. न सांगावं, तर एक दिवस दारात बॅग येईल, आपण बरं म्हणू आणि तेवढ्यावर सगळं संपेल. संध्याकाळी तो परत तोच हेडफोन लावून बसला. गाणं अगदी बारीक ठेवलं. नाना त्या दिवशी फक्त शेजारच्या मांजरीबद्दल बोलले.

सुट्टीच्या दिवशी दुपारी नाना झोपले. त्यांची कवळी न्हाणीघराच्या फळीवर पाण्याच्या भांड्यात होती. त्याने ती उचलून खिडकीपाशी नेली.

नानांची कवळी त्याने स्वतः केली होती. कुठल्या डॉक्टरच्या नातेवाइकाची केली नसती इतक्या मायेने केली होती. प्लास्टरच्या साच्यावर ती बसवून काढून त्याने कितीदा पारखली होती. आता उजेडात धरल्यावर त्याला आधी समाधान वाटलं, की अजून नव्यासारखी आहे. मग तो त्या विचारापाशीच अडकला. वापरातल्या कवळीच्या दाढांवर घास कुठे पडतो ते उमटतं, कडांना झीज येते. वापरणारा कुठल्या बाजूने चावतो, रागात दात खातो का, हे त्याने अनोळखी माणसांच्या कवळ्यांवरून सांगितलं असतं. या दाढांवर काहीच उमटलं नव्हतं. नाना ही कवळी फक्त त्याच्यासमोर लावत होते.

बायकोची वाक्यं एकेक करून त्याला आठवायला लागली. नानांचं मघाशी थोडं झालंय. नानांना भूक नाहीये हो. नानांना खिमटच बरं वाटतं आताशा. तो ही वाक्यं रोज ऐकत आला होता, आणि ऐकताना नानांच्या तोंडाकडे बघत होता.

त्याने कवळी ओल्या रुमालात गुंडाळली आणि बनियनवर शर्ट चढवून तळघर गाठलं. किल्ली त्याच्याकडे असायची. बोट फिरवल्यावर जागा सापडली. खालची, डावीकडे, आतल्या अंगाला. साखरेच्या दाण्याएवढा एक उंचवटा. पहिल्या दिवसापासून तिथेच असणार. साच्यावर ही कवळी कधी अडली नव्हती, पण प्लास्टरला दुखत नाही. तो दाणा घासून टाकायला पाणी उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. कड गोल केली, चकाकी आणली आणि नाना जागे व्हायच्या आत कवळी भांड्यात परत ठेवली.

काम चांगलं झालं की ते दिसत नाही, हा त्याच्या धंद्यातला पहिला नियम. तो इथेही लागू पडेल, असं त्याला खरोखर वाटलं.

रात्रीचं जेवण नेहमीसारखं सुरू झालं. आज नानांच्या तोंडाकडे बघायचं नाही, असं ठरवून त्याने नजर ताटात रोवली. नानांनी घास उजवीकडे ठेवला. चावल्यासारखं केलं. मग थांबले. जीभ डावीकडे फिरवली असावी, कारण गाल किंचित फुगल्याचं त्याला न बघताही कळलं. नानांनी काकडीची एक फोड उचलली आणि डावीकडे घेऊन चावली.

एवढा मोठा आवाज त्या घरात कित्येक दिवसांत झाला नव्हता. वाढता वाढता बायकोचा डाव हवेतच राहिला.

त्याने वर पाहिलं. नानांच्या चेहऱ्यावर आनंद असेल, अशी त्याची समजूत होती. तो चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. आपल्या खोलीचं दार बाहेरून उघडं होतं आणि ते आपल्याला कधी कळलंच नाही, असं ध्यानात आलेल्या माणसाचा तो चेहरा होता. कवळीवाल्याने घाईने परत ताटात पाहिलं, आणि तेही चुकलं. इतक्या जेवणांत तो एकदाही ताटात बघून जेवला नव्हता.

आवराआवर झाली. तो खुर्चीत जाऊन बसला, हेडफोन लावला, गाणं लावलं, कारण न लावणं म्हणजे कबुली दिल्यासारखं झालं असतं. नाना रोजच्यासारखे शेजारी येऊन बसले. त्याचं बोट ठेका धरायला लागलं.

"ऐकू येतं ना तुला?" नाना म्हणाले. आवाज चढवला नव्हता.

बोट थांबलं. ते थांबल्यावर त्याला कळलं, की नाना त्या बोटाकडेच बघत होते.

त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. जाळीतून बाईचं गाणं डासासारखं गुणगुणत राहिलं.

"केव्हापासून?"

"हा नवा आणल्यापासून. याची पाठ उघडी असते, नाना. मला आधी लक्षात आलं नाही."

नानांनी हेडफोन उचलला, उलटा करून जाळीला बोट लावून पाहिलं. "म्हणजे आधीचं नाही ऐकलंस."

"आधीचं काय?"

नानांच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं, आणि त्याबरोबर आणखीही काहीतरी गेलं, जे त्यांना घालवायचं नसावं. कवळीवाला त्यांच्याकडे बघत राहिला. किती संध्याकाळी, किती वर्षं. आई गेली त्यानंतरच्या संध्याकाळी. नाना शेजारी बसून आईबद्दल बोलले असतील, त्याच्याबद्दल बोलले असतील, त्याने विचारायला हवं होतं ते सगळं न विचारता सांगून गेले असतील. आणि तो डोळे मिटून एका परक्या बाईचं गाणं ऐकत होता, तिचा श्वास ऐकू येत नाही म्हणून हळहळत होता.

नाना रागावलेही. हळू आवाजात रागावले. माणूस न्हाणीघराचंही दार वाजवून आत जातो, असं म्हणाले. त्याने सांगायचा प्रयत्न केला, की मुद्दाम नव्हतं, आणि निदान कवळी तरी आता नीट झाली. कवळीचं कळलं, नाना म्हणाले, आता टोचत नाही.

"पण मी तुला सांगत नव्हतो," ते म्हणाले. "तुझ्यापाशी सांगत होतो. फरक आहे त्यात."

"नाना, जाऊ नका."

हे वाक्य इतकं लहान निघालं, की दोघांनाही त्याचं नवल वाटलं. नानांनी हेडफोन परत त्याच्या मांडीवर ठेवला. गाणं संपलं होतं.

"जायचं की नाही, ते मला आता नव्याने ठरवायला लागेल," ते म्हणाले. "आणि ठरवायचं तर बोलायला लागतं."

"मग बोला ना. मी आहे."

"तू आहेस, तिथेच अडलंय." नाना थोडे हसले, या वेळी तोंडावर हात न ठेवता. "तो जुना कुठे टाकलायस? लाव तो. आणि आवाज मोठा ठेव."

त्याने कपाटातून जुना हेडफोन काढला. गाद्या कानांवर बसल्या आणि घर मिटलं. आवाज त्याने इतका वाढवला, की बाईचा गळा कडांना फाटायला लागला. तो नानांच्या समोर बसला. नानांचे ओठ हलायला लागले.

आधी त्याने दातच बघितले. खालची ओळ जागेवर बसली होती, कुठे उचलली जात नव्हती. मग स्वतःला ओढून त्याने नजर वर नेली. नाना त्याच्याकडे बघत नव्हते. त्याच्या खांद्यावरून किंचित पलीकडे बघत होते, पंपापाशी उभा असलेला माणूस बघतो तसं. एकदा ते हसले. एकदा गुडघ्यावर मूठ आपटली. मध्येच थांबून त्यांनी काहीतरी विचारलं, असं भुवयांवरून वाटलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलत गेले. एका बोटाने गादी जरा सरकवली असती तर पुरलं असतं. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पाठ असलेलं गाणं कानांत आदळत होतं, आणि त्यातला एक शब्दही त्याला ऐकू येत नव्हता.

शेवटी नाना उठले, हात धोतराला पुसले आणि आत गेले.

गुडघ्यावर टिचकी बसली. बायको उभी होती. तिचे डोळे लाल होते, पण ती रडत होती की हसून आली होती ते त्याला सांगता आलं नसतं. नानांनी त्यांची बॅग माळ्यावर टाकायला सांगितली आहे, असं ती म्हणाली.

तो ताडकन उठला. "म्हणजे राहणार? काय म्हणाले इतका वेळ?"

"तुम्हालाच तर सांगत होते," ती म्हणाली.

त्याने पुन्हा विचारलं. ती स्टूल आणायला गेली. येताना तिने नव्या हेडफोनचा डबाही आणला आणि त्याच्यापुढे धरला. हेडफोन दुकानात परत द्यायचा, हे त्याने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. एवढा चांगला होता ना, असं तिने विचारलं. हो, तो म्हणाला, पण या घरात नको. हेडफोन डब्यात ठेवताना त्याने जाळीवरचा नानांच्या बोटाचा डाग शर्टाच्या टोकाने पुसला.

"आणि बॅगेतलं सामान काढायचं नाही," बायको म्हणाली. "आहे तसंच राहू दे म्हणालेत."

तो स्टुलावर चढला. खालून तिने बॅग दोन्ही हातांनी उचलून दिली. त्याने एका हाताने मूठ धरली आणि हात खांद्यापासून खाली खेचला गेला, दुसरा हात लावावा लागला. छातीशी कवटाळून त्याने ती माळ्याच्या कडेपर्यंत नेली आणि लोटली. बॅग हलेना. नाना इतकं सगळं घेऊन निघाले होते, याचा त्याला अंदाजच नव्हता.